माधवराव रानडे व आमचा नित्याचा आचार

गोदावरीच्या काठी राहणाऱ्या आम्हां नाशिककरांजवळ धर्मश्रद्धेचा तुटवडा आहे, असे आमचा शत्रूही म्हणणार नाही. रामकुंडावर पहाटेपासून स्नानास गर्दी होते; बारा वर्षांनी सिंहस्थ आला म्हणजे साऱ्या हिंदुस्थानातून माणसे येथे व त्र्यंबकेश्वरी लोटतात; आणि पेठेत सकाळी दुकान उघडताना गल्ल्यास हात लावण्यापूर्वी देवाच्या तसबिरीस हात न जोडणारा व्यापारी विरळा. सर्व भूतांच्या ठायी एकच ईश्वर आहे, हे तत्त्व आमच्याकडे पोरासोरांसही ठाऊक असते. पण त्याच ईश्वराच्या लेकरांपैकी कोणास पाणी कोणत्या भांड्यातून द्यावयाचे, कोणत्या आडनावाच्या माणसास भाड्याने खोली नाकारावयाची, आणि घरातील विधवा सुनेने हळदीकुंकवाच्या दिवशी कोठे बसावयाचे, हे प्रश्न निघाले की ते तत्त्व देव्हाऱ्यात राहते व व्यवहार आपल्या जुन्या वाटेने चालू लागतो. या अंतराविषयी परक्यांनी आम्हांस हिणविले म्हणजे आम्हांस राग येतो. तो राग योग्यच आहे. परंतु परक्याची दृष्टी वाईट असली, म्हणून आपल्या घरातील दोष खोटा ठरत नाही.

हे अंतर ढोंगी माणसांतच असते, अशी एक सोयीची समजूत आहे. ती खरी असती तर उपाय सोपा होता. ढोंग्यांस ओळखून बाजूस सारले की काम झाले. परंतु ज्यांच्या सचोटीविषयी त्यांच्या विरोधकांसही शंका नव्हती, अशा पुरुषांच्या आयुष्यातही हे अंतर दिसते. अशा एका पुरुषाचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो. तो पुरुष आमच्याच जिल्ह्यातला आहे. निफाड म्हटले म्हणजे आज द्राक्षांचे मळे व लासलगावचा कांद्याचा बाजार डोळ्यांपुढे येतो. परंतु त्याच निफाडात १८ जानेवारी १८४२ रोजी महादेव गोविंद रानडे यांचा जन्म झाला, याची आठवण त्या बाजारात किती जणांस असेल, हे सांगवत नाही.

माधवरावांचे वडील गोविंदराव सरकारी कचेरीत नोकरीस होते. पुढे ते कोल्हापूर संस्थानच्या चाकरीत गेले व माधवरावांचे बाळपण तेथेच गेले. घर जुन्या वळणाचे, कर्मनिष्ठ व प्रतिष्ठित होते. इंग्रजी शिक्षणासाठी मुलास मुंबईस एल्फिन्स्टन विद्यालयात पाठविण्यात आले. १८५९ साली मुंबई विद्यापीठाची पहिली प्रवेशपरीक्षा झाली व तीत २१ विद्यार्थी उतरले. त्यांत माधवराव होते. १८६२ साली बी. ए., १८६४ साली एम. ए. आणि १८६६ साली कायद्याची पदवी, अशी त्यांची चढती कमान आहे. अतिवाचनाने त्यांचे डोळे कायमचे अधू झाले. पुढे काही काळ एल्फिन्स्टन कॉलेजात अध्यापन केल्यावर १८७१ साली पुण्यास पहिल्या वर्गाचे दुय्यम न्यायाधीश म्हणून त्यांची नेमणूक झाली.

या काळात त्यांच्या धर्मविचारास निश्चित रूप आले. १८६७ साली मुंबईत प्रार्थनासमाज निघाला. माधवराव व रामकृष्णपंत भांडारकर त्यात येऊन मिळाले. एक निराकार ईश्वर, त्याची भक्ती, आणि त्याच्या सर्व लेकरांविषयी समभाव, हे त्या समाजाचे सार होय. माधवरावांनी हा धर्म परदेशातून आणलेला मानला नाही. तो ज्ञानेश्वर, नामदेव, एकनाथ, तुकाराम यांच्या शिकवणीतूनच वाहत आलेला आहे, अशी त्यांची श्रद्धा होती. पहाटे उठून तुकोबांचे अभंग म्हणत ईश्वरचिंतनात ते तल्लीन होत, हे त्यांच्या पत्नीने आपल्या आठवणींत लिहून ठेविले आहे. १९०० साली त्यांचा मराठी सत्तेच्या उदयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात शिवाजी महाराजांच्या राज्याची भूमी संतांनी आधी नांगरून ठेविली होती, असा सिद्धांत त्यांनी मांडला. तेव्हा धर्म हा त्यांच्या लेखी फुरसतीचा विषय नव्हता. राष्ट्राची उभारणी तेथूनच होते असे ते मानीत.

अशा श्रद्धेच्या मनुष्यास विधवांची दशा पाहून स्वस्थ बसवणे शक्य नव्हते. विधवाविवाह कायदेशीर ठरविणारा कायदा १८५६ सालीच झाला होता. परंतु कायदा पुस्तकात होता आणि विधवा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात होती. विष्णुशास्त्री पंडित यांनी विधवाविवाहाची चळवळ उभारली व माधवराव तिचे खंदे साह्यकर्ते झाले. १८६९ साली मुंबईत एका ब्राह्मण विधवेचा पुनर्विवाह झाला, तेव्हा त्यास उघड साह्य करणाऱ्यांवर बहिष्कार पडला. माधवरावही त्यांतच होते. १८७० साली पुण्यास शंकराचार्यांसमोर या प्रश्नावर शास्त्रार्थ झाला व निर्णय सुधारकांच्या विरुद्ध गेला. माधवराव मागे हटले नाहीत.

येथपर्यंत विचार व आचार हातात हात घालून चाललेले दिसतात. कसोटीचा प्रसंग १८७३ साली आला. त्या वर्षी ऑक्टोबरात त्यांची प्रथमपत्नी सखूबाई वारल्या. माधवरावांचे वय एकतीस. आता हा मनुष्य बोलल्याप्रमाणे विधवेशी विवाह करील, अशी सुधारकांस आशा होती आणि नेमकी तीच धास्ती गोविंदरावांस होती. त्यांनी तातडीने वधू शोधली. देवराष्ट्रे येथील कुर्लेकरांची ही कन्या अकरा वर्षांची होती व तिला अक्षरओळखही नव्हती. माधवरावांनी विनवण्या केल्या, मुदत मागितली. परंतु वडिलांनी संबंध तोडून निघून जाण्याची भाषा केली, तेव्हा मुलाने मान खाली घातली. पत्नी वारल्यास तीन महिनेही झाले नव्हते, तोच हा विवाह झाला. बालविवाह अनिष्ट व विधवाविवाह इष्ट, ही दोन्ही मते एकाच दिवशी त्यांच्या हातून मोडली गेली.

या कृत्याचे समर्थन आम्ही करणार नाही. पितृभक्ती हा मोठा गुण आहे. पण ज्या विधवेशी त्यांनी विवाह केला असता तिचा, आणि जिने अकराव्या वर्षी एकतीस वर्षांच्या पुरुषाचा हात धरला त्या मुलीचा, या व्यवहारात विचार कोणी केला? विष्णुशास्त्री पंडितांची प्रथमपत्नी वारल्यावर त्यांनी १८७४ साली विधवेशीच विवाह केला व त्याचे जे परिणाम झाले ते सोसले. म्हणजे त्या काळी ही गोष्ट अशक्य होती, असे म्हणण्यास जागा राहत नाही. माधवरावांवर त्या वेळी टीकेचे जे कोरडे पडले ते सर्व द्वेषमूलक नव्हते.

तथापि पुढे काय घडले तेही त्याच वहीत मांडले पाहिजे. त्या अकरा वर्षांच्या मुलीस माधवरावांनी लग्न होताच स्वतः अक्षरे शिकविण्यास आरंभ केला. मराठी झाल्यावर इंग्रजी सुरू झाले. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांस हे मुळीच रुचले नाही. नवऱ्याच्या खोलीत बसून वाचणारी सून त्यांनी कधी पाहिली नव्हती. इंग्रजी शिकविणाऱ्या बाईजवळ बसून आल्यावर सोवळ्यासाठी स्नान केल्यावाचून तिला घरात वावरता येत नसे. माधवराव घरात भांडत नसत, आणि धडाही बंद पडू देत नसत. या दोन गोष्टी एकत्र चालविताना खरा भार त्या मुलीच्या अंगावर पडला, हे आम्ही विसरू नये. पण धडा चालू राहिला, आणि त्यातूनच रमाबाई रानडे घडल्या.

वडील माणसांपुढे नमणारे हेच माधवराव जमावापुढे नमत नसत. १८७५ साली दयानंद सरस्वती पुण्यास आले. त्यांची व्याख्याने झाल्यावर त्यांची मिरवणूक काढण्याचे ठरले. सनातनी मंडळींनी चिडून गाढवाची मिरवणूक काढली व दयानंदांच्या मिरवणुकीवर चिखलफेक केली. सरकारी न्यायाधीश असलेले माधवराव त्या मिरवणुकीत पायी चालत होते व अंगावर चिखल घेऊन घरी परतले. चिखल उडविणाऱ्यांवर फिर्याद करण्याचे त्यांच्या मनातही आले नाही. याच काळात ते सार्वजनिक सभेचे प्राण झाले होते. स्वदेशी धंदे, शेतकऱ्यांचे कर्जबाजारीपण, दुष्काळ यांचे आकडे गोळा करून सभेचे अर्ज सरकारपुढे जात, त्यांमागे बहुधा त्यांचीच लेखणी असे. सरकारास हे खुपले आणि १८७८ साली त्यांची बदली आमच्या नाशकास झाली; पुढच्याच वर्षी त्यांस धुळ्यास हलविण्यात आले.

म्हणजे सरकारच्या वक्रदृष्टीमुळे का होईना, हा निफाडचा पुत्र आपल्या जिल्ह्यात न्यायासनावर येऊन बसला. येथेच मुलींच्या शाळेच्या समारंभात रमाबाईंस लोकांपुढे प्रथम उभे राहावे लागले. ज्या मुलीचा विवाह हा माधवरावांच्या वचनभंगाचा पुरावा म्हणून दाखविला जात होता, तीच मुलगी पाच वर्षांत गोदातीरी स्त्रीशिक्षणाचा पुरावा म्हणून उभी राहिली. एकाने दुसरे पुसले जात नाही. परंतु घडलेल्या चुकीच्या पोटातूनही कर्तव्य काढता येते, हे मात्र त्यावरून दिसते.

त्याच १८७८ सालचा बंगालचा एक दाखला येथे देण्याजोगा आहे. ब्राह्मसमाजाचे पुढारी केशवचंद्र सेन यांच्या खटपटीने १८७२ साली विवाहाचा कायदा झाला व त्यात वधूचे वय निदान चौदा असावे असे ठरले. पण कूचबिहारच्या राजघराण्याचे स्थळ आले तेव्हा त्यांनी आपल्या मुलीचे लग्न चौदा पुरी होण्याच्या आतच लावून दिले. अनुयायी संतापले, समाज फुटला व साधारण ब्राह्मसमाज वेगळा निघाला. आमच्या इलाख्यातही न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्यासारख्या विद्वान सुधारकाने आपल्या आठ वर्षांच्या मुलीचे लग्न केले. हे सर्व मोठे, शुचिर्भूत व बुद्धिमान पुरुष होते. व्यासपीठावर जे निर्भय होते ते माजघरात आल्याबरोबर दुबळे होत. असे का व्हावे?

याचे उत्तर माधवरावांच्या आयुष्यातील दुसऱ्या प्रसंगात सापडते. १८९० साली पुण्यास पंचहौद मिशनमध्ये एका सभेस शहरातील प्रतिष्ठित मंडळी जमली असता मिशनऱ्यांनी चहा व बिस्किटे पुढे केली. त्या मंडळींत माधवराव होते तसेच बाळ गंगाधर टिळकही होते. ही सर्व योजना गोपाळराव जोशी यांची. त्यांनी उपस्थितांची नावे वृत्तपत्रात प्रसिद्ध करविली आणि गावात वणवा पेटला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशीस शास्त्री नेमले गेले. टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. माधवरावांनी प्रथम दाद दिली नाही. परंतु १८९२ साली त्यांनीही प्रायश्चित्त घेतले. सुधारक पक्षातील तरुणांस मोठा धक्का बसला. सामाजिक परिषदेचा संस्थापक, धारवाडपासून मद्रासेपर्यंत ज्याच्या शब्दास मान, त्याने एका पेल्याभर चहासाठी पापक्षालन करावे, हे त्यांस सहन झाले नाही. प्रत्यक्ष रमाबाईंसही ते रुचले नव्हते.

माधवरावांनी हे भीतीने केले नाही. ते स्वतः बहिष्कार सोसू शकत होते. १८६९ पासून तो त्यांच्या परिचयाचाच होता. अडचण होती ती त्यांच्याबरोबर गोवल्या गेलेल्या मित्रांची. ग्रामण्य हे शस्त्र कसे चालत असे, ते पाहा. ज्याच्यावर ते उगारले जाई तो पुरुष कचेरीत जाई, पगार घेई, व्याख्याने देई. त्याचे काही बिघडत नसे. परंतु श्राद्धाच्या दिवशी भिक्षुक घरी येत नसे. लेक माहेरपणास येऊ शकत नसे, कारण सासरच्यांस पुन्हा आपली पंगत राखावयाची असे. उपवर मुलीस स्थळ मिळत नसे. घरात मृत्यू झाला तर खांदा देण्यास माणसे मिळण्याची भ्रांत. गुन्हा पुरुषाच्या नावे नोंदलेला असे आणि शिक्षा त्याच्या आईस, बहिणीस व मुलीस होई. माधवरावांनी प्रायश्चित्त घेतले ते या अडचणीतील मित्रांस एकटे पाडू नये म्हणून.

कायद्याच्या धंद्यात वावरणाऱ्या आम्हांस या दोन प्रसंगांत मोठा भेद दिसतो. १८७३ साली किंमत चुकवावयाची होती ती बहुतांशी माधवरावांनी स्वतः. ती त्यांनी चुकविली नाही व दुसऱ्यांच्या माथी मारली. १८९२ साली किंमत दुसऱ्यांस पडत होती. ती त्यांनी आपल्या लौकिकातून भरून दिली. पहिल्यात दौर्बल्य आहे. दुसऱ्यात करुणा आहे, पण तिच्याबरोबर एक नुकसानही आहे, आणि ते लपविता येत नाही. ज्या हत्याराने मित्र घायाळ झाले होते ते हत्यार माधवरावांच्या नमण्याने बोथट झाले नाही. त्याची धार अधिकच वाढली. ज्याच्यापुढे उच्च न्यायालयाच्या योग्यतेचा मनुष्य वाकला, त्याच्यापुढे सामान्य गृहस्थाने कसे ताठ राहावे?

याचे उत्तर लवकरच दुसऱ्या एका प्राध्यापकाने दिले. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी विधवेशी विवाह केला. गावी त्यांच्यावर बहिष्कार पडला. त्यांनी तो सोसला, आणि त्यावर न थांबता १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला, जो पुढे हिंगण्यास गेला. आमच्या मते कर्व्यांचा खरा पराक्रम विवाहापेक्षा या आश्रमात आहे. बहिष्कृत घरातील मुलीबाळींस उभे राहावयास जागा असली म्हणजे बहिष्काराचे निम्मे विष उतरते. माधवरावांस हे कळत नव्हते असे नाही. १८८४ साली पुण्यात मुलींची इंग्रजी शाळा त्यांच्याच मंडळींनी काढली होती. त्यांच्या पश्चात १९०९ साली रमाबाईंनी पुण्यास सेवासदन उभे केले व शेकडो स्त्रियांस शिक्षणाने व शुश्रूषेच्या धंद्याने स्वावलंबी केले. पतीच्या विचारास जो आचार द्यावयाचा राहिला होता, तो पत्नीने दिला. १८९३ साली उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झालेले माधवराव १६ जानेवारी १९०१ रोजी निवर्तले, तेव्हा त्यांच्या वयास एकोणसाठ पुरी होण्यास दोन दिवस उरले होते.

कोणी म्हणतील, हा इतिहास झाला. ग्रामण्य गेले, शंकराचार्यांपुढे चहाची फिर्याद आता कोण नेतो? त्यांनी आपल्याच गावाकडे पाहावे. रानडे वारल्यास तीस वर्षे होण्यापूर्वी, २ मार्च १९३० रोजी, काळारामाच्या दर्शनासाठी अस्पृश्य गणलेल्या सहस्रावधी हिंदूंनी डॉक्टर आंबेडकर व दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह आरंभिला. शबरीची बोरे खाणाऱ्या रामाचे दरवाजे त्यांच्या तोंडावर बंद झाले व वर्षानुवर्षे बंद राहिले. १९३५ साली येवल्यास बाबासाहेबांनी हिंदू म्हणून न मरण्याचा निश्चय जाहीर केला, त्यास आम्ही नाशिककर जबाबदार नाही असे कोणी छातीस हात लावून सांगावे. त्याच बाबासाहेबांनी १९४३ साली पुण्यास रानड्यांच्या जयंतीस व्याख्यान देऊन त्यांचा गौरव केला, कारण समाज सुधारल्यावाचून राज्य मिळून उपयोग नाही, हे रानड्यांचे म्हणणे त्यांस पटले होते. राष्ट्राभिमानी म्हणविणाऱ्या आम्हांसही ते पटले पाहिजे. परक्याच्या जुलुमाविरुद्ध झगडणाऱ्याने आपल्या घरातला जुलूम रूढी म्हणून जपावा, हा न्याय नव्हे.

आणि २०१३ साली याच नाशकात एका बापाने, जातीबाहेर लग्न केले म्हणून आपल्या गरोदर मुलीचा जीव घेतला. त्यामागे जातपंचायतीचा धाक होता. त्यानंतर डॉक्टर नरेंद्र दाभोलकर यांच्या पुढाकाराने जातपंचायतींविरुद्ध चळवळ उभी राहिली, आणि त्याच वर्षी ऑगस्टात त्यांचाही पुण्यास खून झाला. मुंबई राज्याने १९४९ साली बहिष्काराविरुद्ध कायदा केला होता. तो १९६२ साली सर्वोच्च न्यायालयात धर्मस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर टिकला नाही. पुढे महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा केला व त्यात तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाखापर्यंत दंड ठेविला. १८९२ साली हा कायदा असता तर माधवरावांच्या मित्रांस प्रायश्चित्ताची गरज न पडती. पण १८५६ चा कायदा जसा पुस्तकात राहिला तसा हाही राहू शकतो. फिर्याद देणाऱ्याच्या मागे शेजारी उभा राहिला नाही, तर कायद्याच्या कलमास पाय फुटत नाहीत.

म्हणून आमच्या वाचकांस, विशेषतः व्यापारी बंधूंस, आमची सूचना अगदी घरगुती आहे. व्यापारी मनुष्य दिवाळीस वही पुजतो, आणि वर्षाचा जमाखर्च जुळल्यावाचून त्यास झोप येत नाही. तसाच एक जमाखर्च श्रद्धेचा मांडावा. सर्वत्र ईश्वर आहे असे आपण मानतो; तर या वर्षात कोणास पंगतीस बसविले, कोणास खोली दिली, कोणत्या विधवेस पुढे बोलावले, कोणत्या बहिष्कृत घरी आपण होऊन गेलो, हे लिहून काढावे. स्वतःपुरते धैर्य दाखविणे कित्येकांस जमते. दुसऱ्याच्या मुलीच्या लग्नाची अडचण झाली तर आपल्या घरचा संबंध पुढे करणे, हे त्याहून कठीण व त्याहून उपयोगाचे आहे. १८९२ साली पुण्यात अशी पंचवीस घरे निघाली असती, तर रानड्यांस मान खाली घालावी लागली नसती. आज नाशकात तेवढी घरे आहेत किंवा कसे, याचा निकाल ज्याने त्याने आपल्या उंबऱ्याच्या आत करावयाचा आहे.